इंग्रजी गाण्यांचे गदिमा कोण?

शिळोप्या:
मंडळी, दिवाळीची आवराआवर चालू आहे. माळ्यावर बुटाचं एक खोकं निघालं, त्यात अकरा कॅसेटी. अकरावीत असताना, म्हणजे १९८६ साली, लक्ष्मी रोडच्या मागे एका बोळात एक दुकान होतं, तिथे वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून द्यायची, सोबत साठ मिनिटांची कोरी कॅसेट, की चार दिवसांनी भरून मिळायची. (हे बेकायदेशीर आहे असं तेव्हा डोक्यातही आलं नव्हतं.) त्यातल्या एका कॅसेटच्या आतल्या कागदावर माझ्याच किरट्या अक्षरात लिहिलंय, वूमन इन लव्ह - बार्ब्रा, हार्टब्रेकर - डायॉन, आयलंड्स इन द स्ट्रीम - केनी आणि डॉली.

लेकीने ती फोनवर शोधून लावली आणि म्हणाली, बाबा, ही तिन्ही गाणी एकाच घरातल्या लोकांनी लिहिलीयेत. मी म्हटलं काहीतरीच काय. तर खरंच, तिन्ही बी जीज्‌ची! पहिलं बॅरी आणि रॉबिनचं, बाकीची दोन तिघा भावांची मिळून. माझ्या डोक्यात बी जीज् म्हणजे पांढरे कपडे, किनरा आवाज आणि डिस्को, संपला विषय. चाळीस वर्षं एकाच माणसांची गाणी ऐकत होतो आणि मला वाटत होतं माझी आवड किती चौफेर.

तर प्रश्न असा. आपल्याकडे आकाशवाणीवर 'गीत ग. दि. माडगूळकर, संगीत सुधीर फडके' कानावर पडल्याशिवाय गाणं सुरूच व्हायचं नाही, त्यामुळे शेंबड्या वयातही गायक, गीतकार, संगीतकार अशी तिन्ही नावं पाठ. मग इंग्रजीच्या बाबतीत आपण गायकापाशीच कसे थांबलो? तुम्हाला असा उशिरा सापडलेला गीतकार-संगीतकार कोण? त्यांच्यातले गदिमा कोण, खळेकाका कोण, शांताबाई कोण?

ता.क. त्याच कॅसेटच्या बी बाजूला सगळ्यात शेवटी लिहिलंय 'बाई + पियानो, नाव विचारणे'. विचारायचं राहूनच गेलं. आता टू-इन-वन बंद आहे.

चिंगी:
मस्त धागा! रुमाल टाकून ठेवतेय, रात्री सविस्तर लिहिते.

भोचक_भाऊ:
बाई + पियानो = हार्मोनियमवाल्या शेजारच्या काकू असणार. तपासा.

आडनाव_नको:
तुलनाच पटली नाही. गदिमा म्हणजे शब्द. इंग्रजी पॉपमध्ये शब्दांना विचारतो कोण, बेबी बेबी आणि ओ ये. चाल, ठेका आणि गायक, एवढ्यावर गाणं चालतं. आणि रॉकमध्ये तर बँडवालेच लिहितात नि तेच वाजवतात, तिथे वेगळा गीतकार असतोच कुठे?

बेसूर:
@आडनाव_नको, बर्नी टॉपिन हे नाव ऐकलंय का? एल्टन जॉनची जी गाणी आपल्याला माहिती आहेत त्यातली बहुतेक सगळी ह्या माणसाच्या शब्दांची. १९६७ मध्ये लिबर्टी रेकॉर्ड्सने एका संगीत साप्ताहिकात जाहिरात दिली होती, नवीन लोक पाहिजेत म्हणून. दोघांनीही वेगवेगळं उत्तर पाठवलं. एल्टनची परीक्षा काही बरी गेली नाही, पण निघताना त्याच्या हातात कोणाच्या तरी कवितांचं पाकीट दिलं, ते ह्या लिंकनशरच्या सतरा वर्षांच्या पोराचं. तिथून जे सुरू झालं ते आजतागायत. आणि गंमत म्हणजे दोघं एका खोलीत बसून गाणं करत नाहीत. हा शब्द लिहून देणार, तो कागद पियानोवर ठेवून चाल लावणार. युवर साँग असंच झालं, टॉपिनने न्याहारीच्या वेळी शब्द लिहिले, एल्टनच्या आईच्या घरी.

म्हणजे आधी शब्द, मग चाल. आपल्या हिंदी सिनेमात बहुतेक वेळा उलटं, आधी चाल आणि मग गीतकाराने मीटरमध्ये शब्द कोंबायचे. तेव्हा ह्या बाबतीत टॉपिन-एल्टन हे गदिमा-बाबूजींच्या जास्त जवळचे.

आडनाव_नको:
बरं, एक झालं. अपवाद.

ऋता_के:
अपवाद नाही हो, अख्खी इमारत होती! न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर १६५० नंबरच्या इमारतीत आल्डन म्युझिक नावाची कंपनी होती. लहान लहान खुराडी, प्रत्येकात एक पियानो, आणि विशीतली पोरं-पोरी रोज कामावर येऊन गाणी पाडायची, अक्षरशः नऊ ते पाच. पलीकडच्या खुराड्यातली चाल ह्यांना ऐकू यायची. तिथेच कॅरोल किंग आणि तिचा नवरा गेरी गॉफिन. तो लिहायचा, ती चाल लावायची, आणि तो तेव्हा दिवसा एका केमिकल लॅबमध्ये नोकरीला. १९६० मध्ये विल यू लव्ह मी टुमॉरो त्यांनी शिरेल्सना दिलं तेव्हा ती अठराची होती आणि कडेवर मूल. ते अमेरिकेत एक नंबरला गेलं, कृष्णवर्णीय मुलींच्या ग्रुपचं पहिलं एक नंबर. मग १९६२ मध्ये लोकोमोशन गायला दिलं ते कोणाला तर मूल सांभाळायला येणाऱ्या मुलीला! लिटल ईव्हा ती. तेही एक नंबर.

आणि दर आठवड्याला एक नवं गाणं म्हणजे पुणे आकाशवाणीवरचं गीतरामायणच आठवलं मला, १९५५-५६ चं. तिथेही घड्याळाच्या काट्यावर काम, वेळेत गाणं हातात पाहिजे म्हणजे पाहिजे. स्फूर्तीबिर्तीची वाट बघायला वेळ कोणाला.

भोचक_भाऊ:
आमच्याकडे मूल सांभाळायला येतात त्या मावशींना गायला सांगून बघतो.

मेरीलँडची_माई:
मी इथे नेहमी फक्त वाचते, पण आज लिहिल्याशिवाय राहवत नाही. जॉन डेन्व्हरचं कंट्री रोड्स. गाण्यात वेस्ट व्हर्जिनिया आहे ना, तर ते सुचलं आमच्या घराजवळ! बिल डॅनॉफ आणि टॅफी निव्हर्ट हे जोडपं मेरीलँडमध्ये क्लॉपर रोडवरून नातेवाइकांच्या जमावाला निघालं होतं, तेव्हा तो साधा वळणावळणाचा गावरस्ता होता, आणि बिलला त्यावर सुचायला लागलं. तोपर्यंत हा गृहस्थ वेस्ट व्हर्जिनियात गेलेलाही नव्हता. गाणं जॉनी कॅशला विकायचा विचार होता, पण १९७० च्या डिसेंबरात वॉशिंग्टनला डेन्व्हरबरोबर कार्यक्रम होता, रात्री त्याला ऐकवलं आणि तिघांनी मिळून तिथेच पूर्ण केलं. आता २०१४ पासून ते वेस्ट व्हर्जिनियाचं अधिकृत राज्यगीत आहे.

आम्ही गेदर्सबर्गला आलो १९९४ मध्ये. क्लॉपर रोडवर रोज जायचे, सिग्नल, टाउनहाउसेस, दुतर्फा मॉल, पटेलांचं वाणसामान. मुलाच्या शाळेत हे गाणं बसवलं होतं तेव्हा त्याच्या शिक्षिकेने सांगितलं. त्यादिवशी मेथीच्या जुड्या मागच्या सीटवर घेऊन सिग्नलला थांबले होते आणि उगीच रडू आलं मला. आई तेव्हाच गेली होती आणि मला जायला जमलं नव्हतं. चाळीसगावचा रस्ता काही असा दिसत नाही, तरी.

चिंगी:
माई __/\__ लिहीत जा हो.

सुशेगाद:
माई, आमच्या गोव्यात लग्नात रात्री दोनला हेच गाणं लागतं आणि सगळे अंकल लोक डोळे पुसतात, त्यातल्या एकानेही वेस्ट व्हर्जिनिया बघितलेलं नाही. लिहिणाऱ्यानेपण नव्हतं हे वाचून बरं वाटलं.

कसारा_लोकल:
बोनी एम! कोणी बोनी एमचं नाव कसं काढलं नाही अजून? आमच्या चाळीत गणपतीत आरतीनंतर लगेच रासपुतिन लागायचं. तर तो नाचणारा बॉबी फॅरेल आठवतो का, उघडी छाती, चमचमते कपडे? तो गायचाच नाही. रेकॉर्डवरचा तो खर्जातला पुरुषी आवाज निर्माता फ्रँक फारियनचा. बॉबीने फक्त ओठ हलवायचे. रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन तर मूळचं जमैकाच्या मेलोडियन्सचं, १९७० चं, आणि शब्द बायबलमधल्या स्तोत्राचे. पुढे ह्याच फारियनने मिली व्हॅनिली नावाची जोडी उभी केली, तेही ओठच हलवत होते, ते उघडकीला आलं आणि १९९० मध्ये ग्रॅमी परत घेतलं. एकदा खपलं म्हणून दुसऱ्यांदा खपतंच असं नाही.

आणि हे वाचून माझ्या अंगावर काटा आला होता: बॉबी फॅरेल वारला तो रशियात, सेंट पीटर्सबर्गला, ३० डिसेंबर २०१० ला. गाण्यातला तो खरा रासपुतिन, रशियाच्या झारच्या दरबारातला साधू, मारला गेला तो त्याच शहरात, ३० डिसेंबर १९१६ ला.

आडनाव_नको:
कायच्या काय. शोधून बघितलं. खरं आहे.

बेसूर:
कसारा, तुझ्या प्रतिसादावरून मोटाउन ही रेकॉर्ड कंपनी आठवली, तिथे उलटा प्रकार. डेट्रॉइटच्या त्या छोट्या घरात, हिट्सव्हिल म्हणायचे त्याला, खालच्या खोलीत तेच ते वादक सगळ्यांच्या गाण्यांना वाजवायचे, सुप्रीम्स असोत की फोर टॉप्स. फंक ब्रदर्स त्यांचं नाव. आणि गाणी लिहिणारे हॉलंड-डोझियर-हॉलंड, दोन सख्खे भाऊ आणि एक मित्र. हे तिघं निदान रेकॉर्डच्या बिल्ल्यावर बारीक अक्षरात दिसायचे, वादकांचं नाव कुठेच नाही. जेम्स जेमरसन हा बेसवाला, उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवायचा, आणि त्याच्यानंतरचा प्रत्येक बेसवाला त्याचं देणं लागतो, मी तर लागतोच (कॉलेजच्या बँडमध्ये बेस वाजवायचो, म्हणजे तिघांना गिटार येत होतं म्हणून मला बेस दिला होता). मोटाउनच्या मोठ्या रेकॉर्डवर त्याचं नाव छापून आलं ते थेट १९७१ मध्ये, मार्व्हिन गेच्या व्हॉट्स गोइंग ऑनवर.

सुशेगाद:
बेसूरबाब, हे आम्हाला नवीन नाही रे. हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात अर्धे आमचेच लोक होते, नोटेशन लिहिणारे, व्हायोलिन, ट्रम्पेट. शंकर-जयकिशनकडे सेबॅस्टियन डिसोझा अरेंजर. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, म्हणून १९७७ मध्ये त्या अमिताभच्या गाण्यात गुरुजींचं नाव घातलं. लोक ते नाव घेऊन नाचतात, पण तो खरा माणूस होता हे कितीजणांना माहीत? आकाशवाणीवर तिसरं नाव संगीतकाराचं घ्यायचे, चौथं कोणी घ्यायचं नाही.

शिळोप्या:
सुशेगाद, अगदी बरोबर पकडलंत. मी तीन नावांवर खूश होतो.

कॉपीराइट_काका:
अवांतर, पण धंद्याचा विषय निघालाय म्हणून. नावाचा प्रश्न हा शेवटी पैशाचा असतो. दोन किस्से सांगतो.

एक, ओटिस ब्लॅकवेल. डोन्ट बी क्रूएल आणि ऑल शुक अप, एल्विसची दोन प्रचंड गाणी, ह्याची. पण गाणं एल्विसने गायचं तर गीतकार म्हणून त्याचंही नाव लागणार, म्हणजे मिळकतीत वाटा. ब्लॅकवेलने मान्य केलं, गरजू माणूस काय करणार. दोन, डॉली पार्टन. आय विल ऑलवेज लव्ह यू एल्विसला गायचं होतं, १९७४ चं तिचं गाणं. त्याच्या मॅनेजरने तीच अट घातली, प्रकाशनहक्काचा अर्धा हिस्सा द्या. बाईने नाही म्हणून सांगितलं. रात्रभर रडली म्हणे, पण सही केली नाही. १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टनने ते गायलं, अमेरिकेत चौदा आठवडे एक नंबर, आणि सगळा पैसा डॉलीबाईंकडे.

चिंगी:
आले. काका, त्या गाण्याचं आणखी एक. लोक ते लग्नात लावतात! ते मुळात राजीनाम्याचं पत्र आहे. ज्या पोर्टर वॅगनरच्या टीव्ही कार्यक्रमात ती सात वर्षं गायची तो सोडून जायला देईना, तर तिने हे लिहून त्याला ऐकवलं. मी परवा आमच्या ऑफिसात एचआरला दोन ओळींचा मेल टाकला, त्यातही स्पेलिंग चुकलं.

माझं उत्तर मात्र क्लेअर टॉरी. पिंक फ्लॉइड बँडच्या डार्क साइड ह्या अल्बमवर ती जी बाई शब्दांशिवाय किंचाळते, विव्हळते, मग एकदम मवाळ होते, ती. १९७३ च्या जानेवारीतला रविवार, ॲबी रोड स्टुडिओ, तिला बोलावून म्हणाले शब्द नाहीत, काहीतरी गा. तिने स्वतःला वाद्य समजून गायलं आणि तीस पाउंड घेऊन घरी गेली. मी शास्त्रीय शिकलेय दहा वर्षं, आलाप म्हणजे काय ते मला त्यात ऐकू येतं, रागबिग काही नसला तरी कुठे थांबायचं ते तिला आतून कळतंय. २००४ मध्ये ती कोर्टात गेली, पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि आता बँडच्या कीबोर्डवाल्या रिचर्ड राइटबरोबर तिचंही नाव लागतं. तर मला विचाराल तर ती रचना तिचीच, आलाप ज्याचा गाणं त्याचं.

आडनाव_नको:
हे मात्र पटत नाही. सुरावटीखालचे कॉर्ड राइटचे. उद्या म्हणाल ड्रमवाल्याला पण श्रेय द्या.

बेसूर:
द्या की! क्वीनमध्ये दिलंच होतं. बोहेमियन ऱ्हॅप्सडी गायक फ्रेडी मर्क्युरीचं एकट्याचं, पण त्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला ड्रमवाल्या रॉजर टेलरचं गाणं होतं, स्वतःच्या गाडीवर प्रेम असल्याचं. रेकॉर्ड लोकांनी घेतली पुढच्या बाजूसाठी, पण मागच्या गाण्याच्या गीतकारालाही तेवढेच पैसे. बँडमध्ये त्यावरून बरीच भांडणं झाली.

भोचक_भाऊ:
म्हणजे टूथपेस्टबरोबर ब्रश फुकट, आणि ब्रशवाला श्रीमंत.

कसारा_लोकल:
पाचगणीच्या पोराचं नाव निघालं की दोन मिनिटं उभं राहायची पद्धत आहे. (सेंट पीटर्स. तिथे शाळेतच पहिला बँड काढला होता, हेक्टिक्स.)

ऋता_के:
@आडनाव_नको, तुम्ही सुरुवातीला म्हणालात शब्दांना विचारतो कोण. विचिटा लाइनमन ऐका, १९६८, लिहिलंय जिमी वेबने, गायलंय ग्लेन कॅम्बेलने. ओक्लाहोमाच्या सपाट माळावरून गाडीने जाताना त्याला खांबावर चढलेला तारांवाला दिसला, एकटाच, आजूबाजूला काही नाही. बस, एवढंच गाणं. वेबला ते अर्धवट वाटत होतं, तिसरं कडवं झालं नव्हतं, तसंच पाठवून दिलं. कॅम्बेलने कडव्याच्या जागी खर्जातली गिटार वाजवून टाकली. वेबला वाटत होतं अजून लिहायचंय आणि इकडे रेकॉर्ड होऊन तयार.

आपल्याकडे वायरमनवर एकही भावगीत नाही. पावसात तो खांबावर चढतो तेव्हा आपण खालून 'कधी येणार लाईट' एवढंच ओरडतो.

आडनाव_नको:
ऐकलं. तीनदा ऐकलं. मागे घेतो.

शिळोप्या:
हे स्क्रीनशॉट काढून ठेवा कोणीतरी.

खेतवाडी_कट्टा:
उशिरा आलो. माझा माणूस लेनर्ड कोहेन. हालेलुया १९८४ चं, कित्येक वर्षं कडवी लिहीत आणि खोडत बसला होता, आणि ज्या अल्बममध्ये ते होतं तो त्याच्याच रेकॉर्ड कंपनीने आधी अमेरिकेत काढायचं नाकारलं. मग १९९१ मध्ये जॉन केलने गायलं, १९९४ मध्ये जेफ बकलीने, आणि तिथून ते जगभर झालं. अजून लोक म्हणतात बकलीचं गाणं.

पण मला सांगायचंय ते वेगळं. १९९९ मध्ये कोहेन मुंबईत येऊन राहिला होता, रमेश बाळसेकरांच्या सत्संगाला जायचा. आणि बाळसेकर कोण, तर बँकेतून निवृत्त झालेले, आणि निसर्गदत्त महाराजांचे दुभाषी. महाराज बोलायचे मराठीत, आमच्या खेतवाडीत, माळ्यावरच्या लहानशा खोलीत, विडीचं दुकान चालवून पोट भरलेला माणूस. समोर गोरे बसलेले, त्यांना बाळसेकर इंग्रजीत सांगायचे. महाराज १९८१ मध्ये गेले, म्हणजे कोहेनची भेट व्हायचा प्रश्नच नाही. पण मी त्याच गल्लीत वाढलो, माझ्या आजोबांनी त्यांच्याकडून विड्या घेतलेल्या आहेत, आणि कोहेनची नंतरची गाणी ऐकताना मला सारखं वाटतं की हे कुठेतरी मराठीत ऐकलंय. माझे मनाचे खेळ असतील.

चिंगी:
नसतील.

आडनाव_नको:
असतील. पण छान आहेत.

मेरीलँडची_माई:
शिळोप्या, ते बाई + पियानोचं काय झालं? रॉबर्टा फ्लॅक तर नाही?

कसारा_लोकल:
माझा रुपया कार्पेंटर्सवर.

शिळोप्या:
सांगतो. शेजारच्या इमारतीत एक आजोबा आहेत, अजून रेडिओ दुरुस्त करतात. टू-इन-वनचा रबरी बेल्ट विरघळून चिंगमसारखा झाला होता, बदलून दिला. काल रात्री लावली. आधी अर्धा मिनिट नुसती घरघर, मग टेप खेचली गेल्यासारखा आवाज, पेन्सिल घालून घट्ट केली. बी बाजूचं शेवटचं गाणं.

बाई, पियानो, अगदी संथ, आणि मागे हळूच एक पुरुषाचा आवाज. लेकीने फोन धरला. विल यू लव्ह मी टुमॉरो. पण शिरेल्सचं नाही, कॅरोल किंगने स्वतः गायलेलं, १९७१ च्या टॅपेस्ट्रीवरचं, आणि मागचा आवाज जेम्स टेलरचा. ऋता, तुम्ही वर जी गोष्ट लिहिलीत तीच मुलगी, अकरा वर्षांनी, घटस्फोट होऊन, तेच गाणं स्वतः म्हणतेय. दुसऱ्या कडव्यात टेप संपते. खट्.

आता गंमत अशी की हे गाणं मी यादीत दिलेलंच नव्हतं. यादीचं वहीचं पान तसंच खोक्यात होतं, दोनदा तपासलं. दुकानदार शेवटी टेप उरली की स्वतःच्या मनाने काहीतरी भरायचा, कोरी ठेवायचा नाही. कळकट लेंगा, तोंडात तंबाखू, कधी दोन शब्द बोलला नाही माझ्याशी. आम्ही त्याला नुसतं 'ओ शेठ' म्हणायचो. नाव आजही माहीत नाही.

ऋता_के:
अगं आई गं.

भोचक_भाऊ:
यावेळी माझ्याकडे विनोद नाही.

कसारा_लोकल:
रुपया हरलो. शिळोप्या, त्या बाकीच्या दहा कॅसेटींच्या शेवटी काय आहे?

शिळोप्या:
आज दोन लावल्या. एकीच्या शेवटी वसंतराव देशपांडे.

खेतवाडी_कट्टा:
त्या आजोबांकडे बेल्ट कुठल्या मापाचा मिळाला? माझाही टू-इन-वन पडून आहे.

शिळोप्या:
जुना बेल्ट घेऊन या म्हणतात, नुसतं माप सांगून भागत नाही. संध्याकाळी सहानंतर असतात.